एक नंबरचं बटण

धनलक्ष्मींचा हात दारावरच्या बटणांकडे गेला तेव्हा मी ‘मुट्टबेडी’ म्हणाले. हात लावू नका. शब्द मनात होता त्यापेक्षा मोठा बाहेर पडला असावा, कारण बॉनेटखाली वाकलेले त्यांचे यजमान यल्लाप्पा सरळ झाले आणि व्हरांड्यात तांदूळ निवडत बसलेल्या आईने मान वर केली. धनलक्ष्मी नुसत्या हसल्या. महागाच्या गाडीचं महागाचं बटण, बिघडेल म्हणून सांगते आहे, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी हात मांडीवर घेतला आणि त्या तशाच बसून राहिल्या. पुढच्या डाव्या सीटची पाठ जवळजवळ मागच्या सीटला टेकेल इतकी कललेली होती, त्यामुळे त्यांना टेकायला काही नव्हतं. कुणाच्या घरी भेटायला गेल्यावर आजारी माणसाच्या पलंगाच्या कडेवर बसावं तशा त्या बसल्या होत्या, पर्स पोटाशी धरून. मी दाराला धरून उभी होते. माझ्या तळहाताला घाम आलेला मला कळत होता, पण तो आपला आहे असं वाटत नव्हतं. गेले काही महिने असंच चाललं आहे. हात थंड पडतात, भूक लागते, पाय दुखतात. त्या बातम्या माझ्यापर्यंत पोचतात, उशिरा, दुसऱ्या कुणाच्या पत्त्यावर आलेल्या टपालासारख्या.

यल्लाप्पांचं आनेकलला लहानसं वर्कशॉप आहे. त्यांना पाठवलं होतं सूर्यकांतकाकांनी, म्हणजे घड्याळांच्या कारखान्यात अप्पांच्या शेजारच्या बाकावर तीस वर्षं काढलेल्या त्यांच्या मित्राने. माणूस भला आहे, काका फोनवर म्हणाले होते, गाडी नीट ठेवेल, सयाजीने, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठेवली तशी. गाडी विकायची हे आईनेच ठरवलं होतं. उभी गाडी सडते, ती म्हणाली, आणि राजाजीनगरच्या आमच्या त्या अरुंद गल्लीत रोज कुणी ना कुणी तिच्यावरून बोलतंच. मी सरी म्हणाले, म्हणजे बरं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच सरी म्हणत होते. रविवारी सकाळी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचं, बॅटरी मरू द्यायची नाही, एवढं मी करत होते. स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे. डावीकडे बघत नसे. झाडलोट करणाऱ्या बाईला सांगून ठेवलं होतं, गाडी बाहेरून पुसा, आतलं मी बघते. आतलं मी काहीच बघत नव्हते. सीट जशी होती तशी होती.

गाडी घेतली तेव्हा अप्पांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि गाडीही तरुण नव्हती. बसवनगुडीतल्या एका कॉफीच्या व्यापाऱ्याच्या पोर्चमध्ये ती उभी होती, गडद निळी, लांबलचक, पुढच्या दिव्यांवर धुरकट पडदा धरलेली. अप्पांनी इंजिन बघायच्या आधी दार उघडलं आणि बंद केलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. मला म्हणाले, आवाज ऐक. मी ऐकला. जड, मऊ, एकच आवाज. मागे काही खुळखुळत नाही, काही उरत नाही. चांगल्या घड्याळाचं झाकण असं बसतं, ते म्हणाले. आयुष्यभर ते दुसऱ्यांच्या मनगटांसाठी काहीतरी बारीक, बरोबर बसणारं बनवत आले होते, आणि स्कूटरवरून घरी येत होते. मग त्यांनी मालकाला जरा संकोचत विचारलं, या गाडीत कधी काही झालेलं नाही ना? अपघात नव्हे. त्यांना काय म्हणायचंय ते बंगळुरात कुणालाही कळतं. कुणी गेलेलं नाही ना, गाडीत. अप्पांचा स्वतःचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. घरी विचारतील, ते म्हणाले, म्हणून विचारतो. मालक अर्ध्या चड्डीवर उभा होता. तो म्हणाला, या गाडीत माझं लग्न मोडलं सर, तेवढंच. अप्पांनी हे उत्तर जसंच्या तसं आईला आणून दिलं. आईने थोडा विचार केला आणि लग्न मोडलेलं चालतं असा निर्णय दिला. तिने चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, अप्पांनी गाडी त्यांच्यावरून पुढे घेतली, मी कुंकू भरलेला कोहळा फाटकापाशी फोडला. लिंबांचा आंबट वास गल्लीत दुपारपर्यंत होता.

गाडी जर्मन बनावटीची, म्हणून आई तिला जर्मनीण म्हणायची. तुमची जर्मनीण आज कुठे निघाली, असं अप्पांना विचारायची. गाडीत बसायची ती मागे, नेहमी मागे. पुढे बसलं की येणारं सगळं दिसतं आणि भीती वाटते, असं तिचं म्हणणं. अप्पा आरशातून तिच्याकडे बघत म्हणायचे, बाईसाहेब, मॅजेस्टिकला सोडू की थेट म्हैसूर? ती म्हणायची, ड्रायव्हर फार बोलतो, बदलायला पाहिजे. या गाडीवरून त्यांची जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्या घटस्फोटावरूनही झाली नव्हती. एका सुट्या भागासाठी महिना महिना थांबणं, पावसाळ्यात मागची काच अर्ध्यावर अडकणं, पेट्रोल. पण आयुधपूजेला आई सगळ्यात मोठा झेंडूचा हार जर्मनिणीसाठी बाजूला ठेवायची, आणि अप्पांच्या स्कूटरला उरलेला.

मग अप्पांची छाती बिघडली, आणि वर्षभर मी गाडी चालवली आणि ते डावीकडे बसले. मी व्हाइटफील्डचं घर बंद करून राजाजीनगरला राहायला आले. मेट्रोने ऑफिसला जायचं, यंत्रांची माहितीपत्रकं लिहायची, परत यायचं. माझी सगळी वाक्यं आज्ञार्थी असतात: दाबा, फिरवा, दिवा लागेपर्यंत थांबा. अप्पांना माझं काम आवडायचं. डावीकडच्या दारावर सीटच्याच आकाराची छोटी बटणं आहेत, पाठीसाठी एक, बैठकीसाठी एक, डोक्यासाठी एक; आणि त्यांच्याखाली तीन आकडे. तू लिही बघू याचं, ते म्हणाले, तुझ्या आईला कळेल असं. मी तोंडीच सांगितलं: आपल्याला हवी तशी सीट करा, मग एक नंबर साठवा. पुढच्या वेळी एक नंबर दाबून धरा, सीट आपोआप तिथे येईल. बोट उचलू नका. उचललंत तर सीट असेल तिथे थांबेल. त्यांनी ताठ बसून एक नंबर साठवला, अगदी ताठ, फोटोला बसल्यासारखा. नंतरच्या महिन्यांत त्यांना ताठ बसवेनासं झालं. घराबाहेर पडलं की ते पाठ मागे मागे नेत, डोळे मिटत. पण कुठेही पोचलो, दवाखाना असो की सूर्यकांतकाकांचं घर, की ते आधी एक नंबर दाबून धरत. बारीक गुणगुणत पाठ वर येई. ते शर्टाची कॉलर ठीक करत आणि मग दार उघडत. झोपलेला माणूस गाडीतून उतरताना दिसू नये, एवढंच त्यांना पाहिजे असायचं. आई मागच्या सीटवर थांबून राहायची, तिच्या गुडघ्यांवरून ती पाठ उचलली जाईपर्यंत. म्हणायची, उठला बाई राजा.

त्या सकाळी आई गाडीत नव्हती. श्वास लागला होता, पण तसा तो आठवड्यातून एकदा लागतच होता. अॅम्ब्युलन्सला ते नको म्हणाले. गाडीनंच जाऊ. आईला दवाखान्याची फाइल सापडत नव्हती. ते म्हणाले, तू शेजारच्यांबरोबर मागून ये, फाइल घेऊन ये. आई फाटकाशी उभी राहिली. त्यांनी पाठ कधी नव्हे इतकी मागे नेली, अगदी थांबेपर्यंत. नवरंगच्या चौकापर्यंत ते बोलत होते. पडल्या पडल्या त्यांना रस्ता दिसत नव्हता, तरी गाडी वळली की ते सांगायचे, नवरंग आलं, आता बाजार. पुढे आम्ही टाटा इन्स्टिट्यूटच्या रस्त्याला लागलो. तिथे दोन्ही बाजूंची जुनी झाडं वर एकमेकांत गेलेली आहेत. मी एका बसला चुकवून आत आले. ते म्हणाले, इंडिकेटर चालू राहिलाय. मी बंद केला. त्यानंतर गाडीत कसलाच आवाज नव्हता. ती गाडी तशी आहेच, काच बंद केली की बाहेरचं शहर चित्रासारखं होतं. मला केव्हा कळलं हे मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. कळलं असं झालंच नाही. मी बघितलं आणि पुन्हा समोर बघितलं. लाल दिव्याला थांबले. हिरव्याला निघाले. पुढच्या लाल दिव्यालाही थांबले. शेजारच्या रिक्षातली एक मुलगी वेणीचं रबर दातांत धरून केस बांधत होती, ती मला आत्ताही दिसते, तिच्या कोपरावरच्या ओरखड्यासकट. हॉस्पिटलच्या दाराशी दोघांनी त्यांना उचलून घेतलं. मी गाडी रांगेत नीट लावली.

आई आली तेव्हा मी बाकावर होते. ती फाइल छातीशी धरून आली होती. मी म्हणाले, डॉक्टरांशी बोलले ते, मग झोप लागली, झोपेतच गेले. हे मी ठरवून म्हणाले नाही. वाक्य तोंडात तयार होतं, माझ्या कामातल्या वाक्यांसारखं, सोपं, एका दमाचं. आईने विचारलं, काय बोलले? मी म्हणाले, त्यांनी नाव विचारलं, ते अप्पांनी सांगितलं. आईने मान हलवली. नंतर लोक भेटायला येत राहिले आणि आई त्यांना सांगत राहिली. डॉक्टरांनी नाव विचारलं, तर यांनी पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. कन्नडमध्ये विचारलं तर कन्नडमध्येच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आवाज खणखणीत आहे की. दर वेळी थोडं वाढत गेलं. मी चहा नेऊन ठेवायची आणि ऐकायची. कधी कधी मलाच तो आवाज ऐकू आल्यासारखं व्हायचं. आईकडे एवढंच आहे, मला वाटायचं. तिच्यापाशी तो खणखणीत आवाज, माझ्यापाशी ती कललेली सीट. त्यांनी स्वतःच्या हाताने शेवटचं जे काही केलं होतं ते तेवढंच होतं, आणि ते अजून तसंच होतं. गाडी विकायची म्हणजे हे जाणार, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि धनलक्ष्मींचं बोट त्या बटणापाशी दिसणं यात फरक होता.

यल्लाप्पांनी बॉनेट बंद केलं. त्यांना गाडी आवडली होती. ते आता तिच्याकडे न बघता बोलत होते, लोक आवडलेल्या वस्तूकडे मुद्दाम बघत नाहीत तसे. सूर्यकांतसरांचा शब्द म्हणजे शब्द, ते म्हणाले, आम्हाला अजून काही बघायचं नाही. तेव्हा धनलक्ष्मी बसल्या जागेवरून, माझ्याकडे न बघता, फाटकाकडे बघत म्हणाल्या, ‘ई गाडीयल्ली एनू आगिल्ला अल्वा?’ या गाडीत काही झालेलं नाही ना. यल्लाप्पा ओशाळले. घरच्या बायकांचं असतं, मॅडम, ते म्हणाले. मला अप्पा दिसले, बसवनगुडीच्या पोर्चमध्ये, तसेच ओशाळलेले. उत्तर फार लहान होतं. नाही म्हटलं की गाडी जाईल, आणि तिच्याबरोबर कुणा अनोळखी बाईला, तिने विचारलेलं असताना, मी फसवलेलं असेल. हो म्हटलं तर आई दहा पावलांवर बसलेली होती. मी तोंड उघडलं.  सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘झालंय,’ आई कन्नडमध्ये म्हणाली. ‘आमचे हे गेले त्यात. तुम्ही बसलाय त्याच सीटवर. दवाखान्याला पोचायच्या आधीच.’

तिने हे दुधाचा हिशेब सांगावा अशा आवाजात सांगितलं.  धनलक्ष्मींनी सीटच्या कडेला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि त्या अलगद उतरल्या, सीटला धक्का न लावता, झोपलेल्या मुलाजवळून उठावं तशा. त्या आईपाशी जाऊन पायरीवर बसल्या. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मध्येच आई हसली, एवढं ऐकू आलं. यल्लाप्पा बॉनेटवरून हात फिरवत उभे होते. लोखंड आहे हो, ते मला हळूच म्हणाले, त्याला काय कळतं. पण आमच्या घरचे त्यात बसतील, त्यांना कळतं. मी म्हणाले, बरोबर आहे. जाताना ते आईला म्हणाले, विचारून सांगतो अम्मा. आई म्हणाली, सांगायला नको हो, जेवून जा. ते जेवले नाहीत. धनलक्ष्मींनी फाटकातून वळून एकदा गाडीकडे बघितलं.

मी अजून दार धरूनच उभी होते. आई पायऱ्या उतरून आली. पदराला हात पुसत गाडीच्या आत वाकून बघत राहिली. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?

‘यांनीच,’ ती म्हणाली. तिने सीटकडे हनुवटीने दाखवलं. ‘तू गाडी घरी आणलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाण्याची बाटली घ्यायला आले होते. हे असं आडवं. पोचले असते तर उठले नसते का? हा माणूस झोपून उतरला असता होय कधी?’

मी म्हणाले, मग इतके दिवस ते डॉक्टरांचं.

‘चांगलं सांगितलं होतंस की,’ आई म्हणाली. ‘लोकांना सांगायला बरं पडलं. मलाही बरं पडलं. आणि तू चहा घेऊन यायचीस, ऐकायला थांबायचीस. मी सांगितलं नसतं तर तू तिथे आली पण नसतीस.’

मला काहीतरी व्हायला हवं होतं. मी वाट पाहिली. पिंपावर कावळा बसला होता. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. काही झालं नाही. फक्त इतका वेळ दाराच्या कडेवर दाबून धरलेला हात दुखतो आहे, हे लगेच कळलं, उशीर न होता.

आईने चप्पल पायात सरकवली आणि ती पुढे बसली. पहिल्यांदाच. साडी सावरून ती हळूहळू मागे रेलली, सीट होती तशीच ठेवून, पाठ टेकेपर्यंत. मग म्हणाली, चल. मी विचारलं नाही कुठे. मी दार लावलं. तो आवाज आला, मागे काही न उरणारा. दुपारची वेळ होती, नवरंगपाशी गर्दी होती. आई काचेतून वर बघत होती. तिला रस्ता दिसत नव्हता. वायरी दिसतात नुसत्या, ती म्हणाली. मग म्हणाली, जाहिरातीतल्या बाईचं डोकं. मग, पूल आला का? मी हो म्हणाले. भीती वाटत नाही की पुढे बसून, ती म्हणाली, असं पडलं की काहीच येत नाही अंगावर. बाजाराचा आवाज बाहेर राहिला होता. तिने विचारलं, नाव वगैरे कुणी विचारलंच नाही ना. मी म्हणाले, नाही. मग शेवटचं काय बोलले? मी सांगितलं, इंडिकेटर चालू राहिलाय म्हणाले. आईचं पोट हसण्याने हललं. तेच बोलणार, ती म्हणाली. बायकोचं नाव घ्यायला सवड होणार नाही, इंडिकेटरला होणार.

टाटा इन्स्टिट्यूटच्या रस्त्याला लागलो. झाडं वर एकमेकांत गेलेली होती. पानांतून पडणारा उजेड तिच्या चेहऱ्यावरून, गळ्यावरून, पोटावर धरलेल्या हातांवरून सरकत मागे जात होता. त्या दिवशी मी समोर बघत होते. त्यांनी काय बघितलं असेल हा विचार मला एकदाही आला नव्हता. हिरवं, उजेड, हिरवं. मी गाडी हळू केली, डावीकडे घेतली आणि थांबवली. म्हणाले, इथे.

आई काही वेळ तशीच वर बघत पडून राहिली. मागून एक व्हॅन हॉर्न देऊन निघून गेली. मग तिने दाराकडे हात नेला आणि चाचपडत विचारलं, एक नंबर कुठला? मी तिच्यावरून वाकून तिचं बोट बटणावर ठेवलं. दाबून धर, मी म्हणाले, मध्ये सोडू नकोस. बारीक गुणगुण सुरू झाली. पाठ उचलली जाऊ लागली, फार सावकाश, आणि तिच्याबरोबर आई, डोळे मिटलेली, बोट पांढरं होईपर्यंत दाबलेलं. मला वाटलं होतं, हे मला बघवणार नाही. मी बघत होते. अप्पांसाठी ठरलेल्या जागी येऊन सीट थांबली. आई त्यांच्या ताठपणात बसलेली होती, तिच्या मानाने जरा जास्तच ताठ. तिने डोळे उघडले, पदर खांद्यावर नीट घेतला, आणि समोर पसरलेल्या रस्त्याकडे बघितलं.

‘उतरले हे,’ ती म्हणाली.

मी उजवा इंडिकेटर दिला, दोन बस जाऊ दिल्या आणि गाडी रस्त्यात घेतली. पुढच्या चौकापर्यंत सरळच जायचं होतं. झाडं संपली. गाडीत बारीक, एकसारखी टिकटिक चालू होती आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

काहीतरी वाजतंय, आई म्हणाली.

मी म्हणाले, इंडिकेटर आहे. चालू राहिलाय. आणि हात दांडीकडे नेला.

‘राहू दे स्वल्प,’ ती म्हणाली.